पुस्तिकांची गाडी, पितळेची पाटी

२ जानेवारी २०२५

आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा: आमच्या मंडळाच्या गणपतीची फिरती मखरं सतरा (पंधरावं अडकलं होतं, पण तेव्हा वीज गेली होती, दोष माझा नाही). घडीचे जिने चार. टोंकखुर्दच्या शाळेला घडीची बाकं बावीस. खातेगावच्या एका शेतकऱ्याला पायाने चालवायची सोयाबीनची चाळणी, जी अजून चालते आणि ज्याबद्दल तो अजून फोन करत नाही. आमच्या घराचं फाटक, ज्याची कडी एका बोटाने लागते. आईचा देव्हारा, ज्यात एकही खिळा नाही.

हे सगळं मला कुणी शिकवलेलं नाही. वडील वर्ध्याहून इथे देवासला कारखान्यात फिटर म्हणून आले. मी दहावीला इंग्रजीत गेलो. त्यानंतर जे काही शिकलो ते वस्तू उघडून शिकलो, आणि उघडलेली प्रत्येक वस्तू परत जोडली. हे दुसरं महत्त्वाचं. उघडणारे देवासात पुष्कळ आहेत.

माझे नियम दोन. एक, प्रत्येक वस्तूवर समोरून दिसेल अशी माझी पाटी: पितळेची, अकरा बाय चार सेंटिमीटर, हाताने ठोकलेली अक्षरं. ‘य. मोरघडे, देवास’ आणि खाली फोन नंबर. दोन, बाकावर एक काम अर्धं असताना दुसरं घेत नाही. सौ. म्हणते, पहिल्या नियमाने आपलं नाव झालं नाही आणि दुसऱ्याने पैसा झाला नाही. तिला बोलायला काय.

१९ जानेवारी

धारहून अक्का आली. सोबत जमुनाबाई साळवे. अडुसष्ट वर्षांच्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, ख्रिस्ती. वैभवीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या जन्माच्या वेळी अक्काला यांनीच वाचवलं, असं अक्का दरवेळी सांगते. आज वैभवी धारला वकिली करते आणि अक्का अजून सांगतेच आहे.

जमुनाबाईंचं काम असं. त्यांच्या प्रार्थनेच्या मंडळीत पाच-सहाच माणसं. त्या आठवड्यातून दोनदा धारच्या बसस्टँडबाहेर आपल्या धर्माच्या पुस्तिका घेऊन उभ्या राहतात. पिशवीने खांदा गेला, गुडघे गेले. ओढत नेता येईल असं काही हवं.

“किती पुस्तिका?” मी विचारलं.

“दीडशे धरा.”

एक वजन करून पाहिली. बेचाळीस ग्रॅम. दीडशेचे सहा किलो तीनशे.

“वरून फळी देतो. फळीवर मांडा, एकेक उचलून लोकांना द्या.”

“द्यायच्या नाहीत, यशवंतराव. हात पुढे केला की माणूस घाबरतो. नाहीतर लाजेने घेतो आणि पुढच्या नाल्यात टाकतो. गाडी उभी राहील, मी बाजूला उभी राहीन. ज्याला हवी त्याने आपल्या हाताने उचलावी.”

चाळीस वर्षांत एवढी स्पष्ट ऑर्डर मला कुणी दिली नव्हती. मंडळवाले म्हणतात, “बघा, काहीतरी भारी करा.”

अक्का म्हणाली, “हो म्हण. माझ्या शब्दाचा मान ठेव.”

अक्काचा मान, हे एक. शिवाय उतार किती अंशांचा ठेवायचा हे माझ्या डोक्यात तेव्हाच फिरायला लागलं होतं.

८ फेब्रुवारी

गाडी झाली. वजन तेरा किलो चारशे. उघडायला एक्केचाळीस सेकंद. रुंदी बासष्ट, खोली अडतीस सेंटिमीटर. कप्प्यांना बावीस अंशांचा उतार: वरची पुस्तिका बोट लागताच आपोआप हातात येते, पण वाऱ्याने उडत नाही. पंखा लावून तपासलं.

जमुनाबाई घ्यायला आल्या. चारदा उघडून मिटून पाहिली. मग पाटीकडे पाहिलं.

“ही मागच्या बाजूला लावता आली तर?”

“पाटी पुढेच असते.”

“पण लोकांना वाटेल की...”

“लोकांना काय वाटायचं ते वाटू द्या. काम कुणाचं आहे ते दिसलं पाहिजे.”

त्यांनी गाडी मिटली. नर्स होत्या, कुठला पेशंट ऐकणार नाही हे त्यांना कळतं, असं अक्का नंतर म्हणाली. का म्हणाली, कळलं नाही.

२१ फेब्रुवारी

गाडीचा बोलबाला होतो आहे. या आठवड्यात अनोळखी फोन पाच. मांडूहून एक बाई: “भाई साहब, सुना है आपके हाथ में असर है?” मी म्हणालो, सब हाथ का ही काम है, मशीन बहुत कम लगाता हूँ। तिने घुटना दुखत असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, ओझं उचलणं बंद करा. तिने खूप आभार मानले. दुसऱ्या एकाने विचारलं, रविवारी केव्हा भेटाल. रविवारी वर्कशॉप बंद असतं असं स्पष्ट सांगितलं. लोकांना कामाची कदर आहे, फक्त जाहिरात हवी.

६ मार्च

सकाळी फोन. “मोरघडे मिशन के हेड बोल रहे हो?”

मी म्हणालो, मोरघडे बोलतोय, मिशन वगैरे नाही.

“गाड़ी पे तो आपका ही नाम है। थाने आ जाइए।”

७ मार्च

धार. आधी वैभवीकडे, मग तिच्यासोबत ठाण्यावर.

झालं ते असं. रणवीर भियाने, म्हणजे तिथल्या तरुण पुढाऱ्याने, तक्रार दिली: बसस्टँडबाहेर रस्ता अडवला, आणि ‘मोरघडे मिशन, देवास’चे लोक येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात जबरदस्तीने पुस्तिका कोंबतात. पोलिसांनी पुस्तिका जप्त केल्या, गाडी जप्त केली, जमुनाबाईंवर गुन्हा नोंदला. त्यांना तीन तास बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. अडुसष्ट वर्षांच्या बाईला.

पंचनामा मी वाचला. ‘लोहे का एक ठेला, पुराना।’

पुराना! महिना नाही झाला. मी साहेबांना म्हणालो, याचं वेल्डिंग बघा, रंग बघा.

साहेब म्हणाले, “नाम आपका है ना? तो संस्था आपकी।”

“नाम कारीगर का है।”

“मतलब प्रचार आपका।”

“साहब, गणपती के मखर पे भी मेरा नाम रहता है। तो क्या गणपती मेरे हो गए?”

त्यांनी हे लिहून घेतलं नाही. वैभवीने माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, “मामा, सुनो. तुमचं नाव मी आरोपीतून काढून गवाहीत टाकते. पण एक वादा करा. जितना पूछा जाए, उतनाच बोलायचं.”

मी म्हणालो, मी नेहमी तेवढंच बोलतो. ती हसली. तिला मराठी वाचता येत नाही, पण हसू येतं.

जमुनाबाई पायरीवर बसल्या होत्या. मला वाटलं पाटीवरून काही म्हणतील. त्या म्हणाल्या, “तुमचं जेवण झालं का?”

१ एप्रिल

काल चैत्रगौरीचं हळदीकुंकू. गल्लीत अकरा घरी झालं, सौ.ला बोलावणं चार घरांचं. ती म्हणाली, “बाकीच्या बायकांना नवऱ्याच्या दारूमुळे टाळतात. मला नवऱ्याच्या पाटीमुळे.” मी म्हटलं, गैरसमज आहे, दूर होईल. तिने डाळ वाटीत काढली आणि एकटीच खाल्ली. मला दिली नाही. मलाही हवी होती.

९ एप्रिल

दत्तोपंत आले. मंडळाचे अध्यक्ष, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. चहा घेतला, खुर्चीचा पाय हलतो म्हणाले (हलत नाही, जमीन वाकडी आहे), मग खिशातून टाइप केलेला कागद काढला.

“यशवंता, यावर सही कर. म्हणजे सगळं शांत होईल.”

कागदावर होतं: सदर गाडी मी बनवलेली नाही. माझी पाटी चोरून लावण्यात आली. माझा त्या लोकांशी संबंध नाही.

“पाटी चोरून चार रिव्हेट मारणार कोण? आतून दाबलेले आहेत. असं देवासात कुणाला येतं?”

“अरे, रिव्हेट कोण बघतंय? जुलैत सभा आहे. यंदाच्या मखराचा विषय निघणार. मला तोंड दाखवायला जागा ठेव.”

“संबंध नाही एवढं लिहून देतो. ते खरं आहे.”

“बनवली नाही, हेही लिही. नाहीतर लोक म्हणतात, मोरघडे बाटला.”

“आणि त्या बाईंचं काय होईल?”

“त्यांचा वकील बघेल.”

“त्यांची वकील माझी भाची आहे.”

“म्हणजे घरचीच. मिटव ना मग.”

ते गेल्यावर कागद बाकावर ठेवला. मी घाबरलो होतो, हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे नाही. सतरा मखरं म्हणजे सतरा वर्षं भाद्रपदात मी कुणीतरी असतो. पेन उघडलं. ‘य’ काढला. मग बावीस अंशांचा तो उतार आठवला. साडेसात आणि पंधरा अंशांचे नमुने फेकून दिले तेव्हा कुठे बावीसला पोचलो होतो. ते काम मी केलं नाही, असं लिहायचं? मग कुणी केलं? कुणीच नाही?

कागदाने ग्राइंडरचं तेल पुसलं. कागद चांगला होता, तेल छान शोषलं.

१४ मे

धार. वैभवीने सांगितलं होतं, जागेचं माप हवं. स्टीलचा टेप घेऊन गेलो. दुसरं टोक धरायला अक्का.

पदपथ दोन मीटर चाळीस. गाडी भिंतीला लावून उभी असायची, अडतीस सेंटिमीटर घ्यायची. उरतात दोन मीटर दोन.

माप घ्यायला गेलोच होतो, म्हणून बाकीचंही घेतलं. केसांच्या तेलवाल्याचं टेबल, एक मीटर दहा. कोचिंग क्लासचा फलक, पंच्याऐंशी सेंटिमीटर. पोरगा पत्रकं मोटरसायकलवाल्यांच्या खिशात खोचतो. कुठल्याशा महाराजांच्या कॅलेंडरांचं टेबल, एक मीटर पस्तीस, वर भोंगा. रणवीर भियाच्या वाढदिवसाची कमान: वाढदिवस फेब्रुवारीत झाला, कमान मेमध्ये उभीच. तिचा बांबू पदपथाच्या मधोमध, अडवलेली जागा एक मीटर नव्वद. तिथे अक्काला आडवं व्हावं लागलं.

“यशवंता, भर उन्हात म्हातारीला कमानीखालून सरपटायला लावतोस?”

“टेप ताठ धर.”

“तुझं नाव देवळाच्या पायरीवर घातलं असतंस तर पुण्य तरी लागलं असतं. घातलंस कुठे, तर येशूच्या गाडीवर.”

“मी येशूच्या गाडीवर नाही घातलं. माझ्या गाडीवर घातलं.”

“तेच तर,” अक्का म्हणाली. “त्याला तरी विचारायचंस.”

तेलवाला हसून हसून बाटली सांडून बसला.

तिथे आणखी एक बघितलं. एवढ्या सगळ्या वाटपात गाडीची जागा रिकामी होती. भिंतीलगत चाकांच्या दोन पुसट रेघा होत्या, तेवढ्याच. जमुनाबाई तिथे पिशवी न घेता नुसत्या उभ्या होत्या. मी विचारलं, गाडी नाही, पुस्तिका नाहीत, मग का?

“सवय आहे. आणि कुणी विचारलं तर सांगता यावं, की आम्ही गेलो नाही.”

कोर्टाने तारीख दिली आहे, २३ जुलै.

६ जुलै

मंडळाची सभा. विषय क्रमांक चार: मखर. यंदा इंदूरहून तयार आणायचं ठरलं. थर्माकोल. प्रस्ताव दत्तोपंतांचा, अनुमोदन तिघांचं, विरोध कुणाचा नाही. मी हात वर केला होता, पण माझ्याकडे बघत कुणीच नव्हतं.

मला वाईट वाटलं नाही. थर्माकोल वजनाला हलका असतो, त्याला फिरवायला अक्कल लागत नाही. एवढंच म्हणायचं होतं.

घरी आलो तर सौ.ने भात परतला होता, शेंगदाणे घालून, माझ्या आवडीचा. तिला कुणी सांगितलं काय माहीत.

२३ जुलै

कोर्ट. सगळं क्रमाने लिहितो.

आत जाण्याआधी बाहेर रणवीर भिया भेटला. पांढरे कपडे, तीन फोन, वागण्यात मात्र गोडवा. “काका, आप तो अपने वाले हो। इन लोगों के चक्कर में क्यूँ पड़ रहे हो?” मी विचारलं, कमान कधी काढणार? तो फोनवर बोलायला लागला. फोन वाजलेला नव्हता.

सरकारी वकिलांनी पहिला प्रश्न केला, “आपका धर्म?”

वैभवी उभी राहत होती, तोवर मी उत्तर दिलं. “मैं हिंदू हूँ। गाड़ी लोहे की है।”

“जो विचारलं तेवढंच,” वैभवी पुटपुटली. तेवढंच तर बोललो होतो.

“इन किताबों में क्या लिखा है, आपने पढ़ा?”

“चौदह बाय इक्कीस सेंटीमीटर। सोलह पन्ने। दो पिन। एक पिन टेढ़ी थी, वो मैंने बता दिया था।”

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

“रास्ता रुका था कि नहीं?”

इथे मी वही काढली. दोन मीटर दोन सेंटिमीटरपासून सुरुवात केली आणि तेलाचं टेबल, कोचिंगचा फलक, महाराजांचं कॅलेंडर असं करत कमानीच्या बांबूपर्यंत आलो. रणवीर भिया मागच्या बाकावर होता. सरकारी वकील म्हणाले, हे विषयाबाहेरचं आहे. न्यायाधीश म्हणाले, “आप ही ने पूछा, रास्ता रुका कि नहीं। ये बता रहे हैं किससे रुका।”

मग जप्त मालाच्या मालखान्यातून गाडी आणली, पुस्तिकांसकट. चार महिन्यांनी पाहिली. एका चाकावर कुणीतरी टेकून बसलेलं असणार; बेअरिंग गंजलेलं. वैभवीने विचारलं, उघडून दाखवाल का. मी घड्याळ लावलं. अठ्ठावन्न सेकंद लागले. मी कोर्टाची माफी मागितली. दिवसभरात तेवढ्या एकाच गोष्टीची मागितली.

शेवटी सरकारी वकील म्हणाले, पुस्तिका लोकांच्या हातात जबरदस्तीने दिल्या जात होत्या. मी म्हटलं, तसं असतं तर या उताराची गरज काय होती? बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, द्यायच्या नाहीत. मापं त्यावरून ठरली. “आप यहाँ खड़े रहिए, साहब।” ते उभे राहिले. “बस, चलते-चलते देखिए।” ते बघता बघता बोट लावून गेले, वरची पुस्तिका त्यांच्या हातात आली. त्यांनी पान उलटलंही. मग सगळे बघताहेत हे ध्यानात आल्यावर झटकन परत ठेवली.

“बस, इतना ही था,” मी म्हणालो. “मर्जी हो तो उठाओ, मर्जी हो तो रख दो।”

बाहेर जमुनाबाई म्हणाल्या, “तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगितलंत.”

मी त्यांना सांगितलं, बेअरिंग बदलावं लागेल.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. मांडवात गेलो, फक्त बघायला. थर्माकोलचं मखर दर अकरा सेकंदांनी झटका देतं. लहान मुलं झटक्याची वाट बघत बसली होती, एक-दोन-तीन मोजत. मोटरचा पट्टा सैल आहे, दोन मिनिटांचं काम. दत्तोपंतांनी विचारलं नाही. प्रसाद मात्र दोनदा दिला.

१९ नोव्हेंबर

निकाल लागला. जमुनाबाई सुटल्या. गाडी, पुस्तिका परत द्यायचा हुकूम.

वैभवीने फोनवर सगळा वाचून दाखवला, पानं अकरा. मला समजलं ते असं: कुणीही आपल्या धर्माचं साहित्य सार्वजनिक जागी शांतपणे ठेवलं, कुणाला धाक नाही, लालूच नाही, बळजबरी नाही, तर तो गुन्हा होत नाही. वरच्या कोर्टांनी हे अनेकदा सांगितलेलं आहे, तरी खालच्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. हे स्वातंत्र्य मोठ्या समाजाचं म्हणून जास्त आणि पाच-सहा माणसांच्या मंडळीचं म्हणून कमी, असं नसतं. ज्याला नको त्याने पुढे निघून जावं. पुढे जायचा रस्ता मोकळा होता. आणि त्याच पदपथावर फिर्यादीची कमान उभी आहे, तिच्याबद्दल कुणाची तक्रार आलेली दिसत नाही.

कमान माझी. म्हणजे माप माझं. पण माप दिलेलं नाही!

“माझं काय लिहिलंय?”

“पान नौ. सुनो: सड़क की चौड़ाई का प्रश्न यहाँ गौण है।”

“गौण?”

“मामा, आगे सुनो ना. साक्षी क्रमांक तीन अपने काम के विषय में आवश्यकता से अधिक बोलते हैं, किन्तु उनके कथन में असत्य का कोई अंश नहीं मिला।”

तिला तीनदा वाचायला लावलं. अकरा पानांत मी दीड ओळ. दोन मीटर दोन सेंटिमीटर गौण. बावीस अंशांचा उल्लेखच नाही. त्याऐवजी ‘पुस्तकें स्वेच्छा से उठाई जाती थीं’. म्हणजे ते जमुनाबाईंचं म्हणणं घेतलं, माझा उतार सोडला.

असो. ‘असत्य का कोई अंश नहीं’ हे कोर्टाचे शब्द आहेत. सौ.ला सबंध वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पहिला अर्धा मला आधीच माहीत होता.” मग थोड्या वेळाने, “दुसराही.”

३ डिसेंबर

गाडी वर्कशॉपमध्ये आली. एक चाक वाकलेलं, दोन बेअरिंगं गेलेली, बिजागरी गंजलेली, वरचा कप्पा उंदरांनी कुरतडलेला. दीडशेपैकी शाबूत पुस्तिका एकतीस. माझ्या पाटीवर खिळ्याने खरवडलंय, ‘मोरघडे’ची दोन अक्षरं गेली. हे उंदरांनी केलेलं नाही.

गाडी बाकावर घेतली. जमुनाबाई सोबत आल्या होत्या.

मी म्हणालो, “नवी पाटी ठोकतो. या वेळी मागच्या बाजूला लावू का? तुम्हालाच त्रास नको.”

आयुष्यात पहिल्यांदा असं कुणाला विचारलं.

“नको, यशवंतराव, पुढेच लावा. लोक आता ओळखतात तिला.” मग हसल्या. “मांडूची ती बाई दर बुधवारी विचारते, मोरघडे बाबा आले नाहीत का. तिचा गुडघा बरा झालाय म्हणे.”

हे काय प्रकरण आहे, कळलं नाही. ओझं उचलणं बंद केलं असेल.

११ डिसेंबर

गाडी धारला पोचवली. एक्केचाळीस सेकंद होती, चाळीसवर आली. पाटी पुढे. अकरा ते एक जमुनाबाईंच्या बाजूला उभा राहिलो, फक्त चाकं ओझं कसं घेतात ते पाहायला. सात जणांनी पुस्तिका उचलल्या, दोघांनी ठेवून दिल्या, एकाने शिव्या दिल्या आणि एकाने विचारलं, अशी गाडी चाटसाठी मिळेल का. कमान निघाली आहे. खड्डे तेवढे राहिलेत.

सोमवारचं लिहायचं राहिलं. रणवीर भिया देवासला वर्कशॉपमध्ये आला होता. गाडी तेव्हा बाकावर होती, एक चाक काढलेलं. तो तिच्याभोवती दोनदा फिरला.

“काका, मान गए। ये तो कोर्ट से पास माल है। अपने को भी साहित्य बाँटना है, पूरे जिले में। ऐसी ही चाहिए।”

रंग दुसरा, म्हणाला. हरकत नाही, म्हटलं. पाटीच्या जागी त्याचा फोटो. यावर आम्ही थोडा वेळ बोललो. तो म्हणाला, चला, पाटी खाली छोटीशी ठेवा. म्हणजे तेही जमलं होतं.

मग त्याने बोटाने बाकाकडे दाखवलं. “बस ये वाली मत सुधारो। कुछ करना नहीं है, ऐसे ही पड़ी रहने दो। बोल देना पार्ट नहीं मिल रहे।”

बेअरिंग माझ्या खिशात होतं.

मी त्याला सांगितलं की माझा एक नियम आहे, बाकावर काम अर्धं असताना दुसरं घेत नाही. तो म्हणाला, तो इसको उतार दो ना, काका. मी म्हटलं, पुरं झालं की उतरते. तो म्हणाला, सोच लो. मी म्हटलं, चाक धर जरा, तेवढं बसवून घेतो. त्याने खरंच धरलं, पांढऱ्या कपड्यांत, मोठ्यांनी सांगितलं की ऐकायच्या सवयीने. मग सोडून दिलं.

सौ. आतून ऐकत होती. तिने काही विचारलं नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो. गाड्या बारा. दर गाडी अठरा हजार पाचशे, अर्धे आगाऊ, रोख. एकूण दोन लाख बावीस हजार. नको म्हणून सांगितलं.